ताई डावीकडे जायच्या

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. माझ्या विषयात गोष्ट कळते किंवा कळत नाही, मधलं काही फार टिकत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, की ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्या मला कळलेल्या नाहीत. जबलपूरच्या एका शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये आम्ही कित्येक वर्षं शेजारी बसलो, डबे वाटून खाल्ले, आणि तरी त्या फार चांगल्या शिक्षिका होत्या की त्यांनी नुसता घोळ घातला, यावर माझं मत ठरत नाही. एक दिवस ठरतं, दुसऱ्या दिवशी मोडतं.

सगळी शाळा त्यांना मॅडम म्हणे. स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघीच, म्हणून मी ताई म्हणायचे. मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे नाशिकहून इथे आले आणि राहिले. ताईंचं घराणं इथलंच, किती पिढ्यांपासूनचं ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. माझं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तू तर बातम्या सांगून राहिली असं वाटते."

त्या मूळच्या गृहविज्ञानाच्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुली खिरीवर बदाम-बिदाम पेरून वाटी पुढे करायच्या. ताई ती वाटी बाजूला ठेवायच्या, उठून थेट पातेल्याकडे जायच्या आणि तळाला लागलेलं चमच्याने खरवडून खायच्या. मार्क त्यावर. मुली रडकुंडीला यायच्या. "वरचं तर सगळ्यांचंच चांगलं असते बेटा," ताई म्हणायच्या, "मी खालचं पाहून राहिली." मला ते तेव्हा पटलं होतं. एखाद्या परीक्षकाने तळ बघावा, यात गैर काही नाही. फक्त त्या कधीच वाटीतली खीर चाखायच्या नाहीत. ज्या मुलीच्या पातेल्याला काहीच लागलेलं नसे, तिला काय द्यायचं हे त्यांना सुचत नसे, आणि त्या मला विचारायला यायच्या.

पुढे गृहविज्ञान घेणाऱ्या मुलीच येईनाशा झाल्या आणि विषय बंद पडला. त्याच वर्षी वरून सांगणं आलं, की अकरावीपासून एक कौशल्याचा विषय ठेवा. प्रिन्सिपलसाहेबांनी व्हिडिओ गेम डिझाइन निवडलं, कारण जवळपासच्या कुठल्याच शाळेने ते निवडलं नव्हतं. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, कोण घेणार? कम्प्युटरच्या सरांनी आपलं भरलेलं टाइमटेबल वर धरून दाखवलं. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत होते. ताईंनी हात वर केला.

"आप?" साहेब म्हणाले. "मैडम, आपने कभी कोई गेम खेला है?"

"नहीं जी. इसीलिए तो."

त्या 'इसीलिए'चा अर्थ कोणाला कळला नाही. कोणी विचारलाही नाही, कारण साहेबांची अडचण सुटली होती.

पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना सांगितलं, "देखो, बनाना मुझे आता नहीं. वो कम्प्यूटर सर से सीखो, इंटरनेट से सीखो, एक-दूसरे से सीखो. तुम बनाओगे, मैं खेलूँगी." आणि खरोखर दोन वर्षं त्यांनी एवढंच केलं. मुलं बनवत, ताई खेळत.

खेळण्याची त्यांची पद्धत होती. आधी पदराने कीबोर्ड पुसायचा. चष्मा कपाळावर चढवायचा. उजव्या हाताशी फुटाण्यांची वाटी. मग डाव्या हाताच्या एका बोटाने, कुकरची शिट्टी तपासावी तसं, एकेक बटण दाबून बघायचं. पडद्यावरचा माणूस मेला, की "गेले" म्हणायचं, एक फुटाणा तोंडात टाकायचा आणि पुन्हा सुरू. पडद्यावरच्या माणसाला आदराने 'गेले' म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि नियम एकच. त्या खेळत असताना खोलीत कोणी बोलायचं नाही. ज्याचा गेम, त्याने तर मागे उभं राहायचं आणि ओठ शिवून घ्यायचे. कुठे जायचं, काय दाबायचं, काही सांगायचं नाही. "जो बोला उसके पाँच नंबर गए. बाज़ार में हर ख़रीदार के पीछे खड़े होके समझाओगे क्या?" हा नियम त्यांनी कुठून आणला कोण जाणे, पण पाळला असा, की मुलं बिचारी कळवळत उभी राहायची. समोर चावी पडलेली आहे, ताई तिच्यावरून तीनदा चालून गेल्यात, आणि मागे एक धडधाकट सतरा वर्षांचा मुलगा हाताचं मनगट चावतो आहे, हे मी दारातून पाहिलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. ताई कुठल्याही गेममध्ये आधी डावीकडे जायच्या.

मुलांनी मला समजावलं होतं, की अशा गेममध्ये माणूस डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे चालत निघतो. रस्ता तिकडे, शत्रू तिकडे, जिंकणं तिकडे. जगभर असंच असतं. ताई पहिलं पाऊल डावीकडे टाकायच्या. डावीकडे काही नसायचंच. माणूस जमीन संपून खाली पडायचा. "गेले." फुटाणा. पुन्हा डावीकडे.

मी त्यांना सरळ विचारलं, "ताई, तुम्ही डावीकडेच का जाता?"

"उजवीकडे जा म्हणून कुठं लिहिलं आहे?"

महिन्याभराने पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, माझं त्या बाजूचं बोट बरं चालते." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कारण चष्म्याच्या नंबरात होतं. तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं. प्रयोगशाळेत असं झालं तर मी उपकरण बदलते.

एकदा एका मुलाचे वडील तणतणत आले. सदर बाजारात त्यांचं टायरचं दुकान. "मैडम, मैं बच्चे को गेम छुड़ाने के लिए स्कूल भेजता हूँ, और आप नंबर दे रही हैं?" ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, मुलाचा गेम लावून दिला आणि पुढे फुटाणे ठेवले. अर्ध्या तासाने मी तिकडून गेले तर ते गृहस्थ शर्टाच्या बाह्या सरसावून बसलेले. "भैया, यहाँ से आगे कैसे जाते हैं?" त्यांनी स्वतःच्याच मुलाला भैया म्हणून विचारलं. मुलगा गप्प. ते ताईंकडे वळले, तर ताई म्हणाल्या, "मुझे क्या पता जी, मैं तो वहाँ तक कभी पहुँची ही नहीं." ते पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत. समाधान झालं म्हणून आले नाहीत की भांबावले म्हणून, ते सांगता येणार नाही.

बाहेरही त्या अशाच. शाळेची सहल भेड़ाघाटला गेली होती. नर्मदेतून संगमरवरी कड्यांच्या मधून होडी जाते आणि नावाडी यमक जुळवून जुळवून माहिती सांगतात: हा खडक हत्तीसारखा, तो मोटारीसारखा, इथे अमक्या सिनेमाचं शूटिंग झालं. सगळी होडी एका बाजूला माना वळवून बसलेली. ताई उलट्या तोंडाने.

"भैया, इधर क्या है?"

"इधर कुछ नहीं है मैडम. उधर देखिए, उधर."

"कुछ नहीं है, तो क्या-क्या नहीं है वही बता दो."

नावाडी आधी हसला. मग त्याला राग आला. मग मात्र तो खरंच त्या बाजूचं सांगायला लागला, यमकाशिवाय: इथे पावसात पाणी कुठवर चढतं, इथे त्याच्या काकाची होडी फुटली होती, इथे मासे का लागत नाहीत. मुलं हत्ती आणि मोटार सोडून ते ऐकत बसली. मी मात्र ज्यासाठी पैसे भरले होते ती बाजू पाहिली. मला वाटतं कोणीतरी पाहायला हवी होती.

या सगळ्याशी माझा संबंध एरवी डब्यापुरताच राहिला असता. पण माझी मुलगी गार्गी त्याच शाळेत, आणि अकरावीला तिने गणित सोडून हा विषय घेतला. आमच्या घरी त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी तह असा झाला, की विषय घे, पण तुला ज्या डिझाइनच्या कॉलेजात जायचं आहे तिथली टक्क्यांची अट बारावीत पुरी करून दाखव. प्रवेश परीक्षा ती तशीही पास होईल, असं तिचे चित्रकलेचे सर सांगत होते. प्रश्न होता तो बारावीच्या टक्क्यांचा. आणि त्यात या विषयाच्या प्रात्यक्षिकाचे मार्क भरघोस. अर्धे शाळेने द्यायचे, म्हणजे ताईंनी. अर्धे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने.

गार्गीचा गेम एका बकरीचा होता. सिहोऱ्याच्या बसस्टँडवर एक बकरी उभी आहे, आणि तिला जबलपूरची बस पकडायची आहे. बस्स. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "आई, तू बघ तर."

बारावीच्या दिवाळीपर्यंत ती बकरी आमच्या घरात राहायला आल्यासारखी झाली होती. मी पोळ्या करताना मागून कम्प्युटरवर बें बें चालू. मी मधूनमधून डोकावायचे. बसस्टँडच्या मागे गार्गीने सगळं सिहोरा उभं केलं होतं. भाजीमंडई, जिथे बकरीला मटाराच्या ढिगाऱ्यातून जावं लागे. छत्रीवाला, जो तिला पळवून लावे, पण त्याच्या हातावर कोथिंबीर ठेवली की छत्री देई. तलाव, तलावात म्हैस, म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडे. मला गेम कळत नाहीत, पण काम कळतं, आणि ते काम होतं.

"आणि बस कुठे आहे?" मी विचारलं.

"बस इकडे आहे, उजवीकडे. पण तिकडे काय, मॅडम जातच नाहीत ना."

मी मान हलवली आणि पोळी उलटली. त्या वाक्यात काय भरलं होतं हे तेव्हा मला कळलं नाही, आणि तिलाही नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी नियमाप्रमाणे मी त्या कामात असायला नको होते, कारण माझीच मुलगी बसलेली. मी तसं लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, "आप बस चाय-पानी देख लीजिए, बाक़ी कम्प्यूटर सर सँभालेंगे." म्हणून मी चहा घेऊन लॅबमध्ये होते.

परीक्षक सागर शहरातून आले होते. तरुण, नीटनेटके, बोलायला चांगले. मला पाहून उठून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, आधी सगळे गेम खेळून बघतो, प्रश्न शेवटी एकदमच विचारतो. मुलं आठ. सवयीने सगळी भिंतीला लागून हात मागे घेऊन उभी राहिली. ताई कोपऱ्यात, हातात फुटाण्यांची वाटी.

पहिला गेम एका मुलाचा, रोबोटचा. परीक्षकांनी उजवं बटण दाबलं. रोबोट चालत गेला, भिंतीला धडकला, पडद्यावर 'समाप्त' आलं. परीक्षकांनी पुन्हा लावला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा भिंत. त्यांनी कागदावर काही लिहिलं.

दुसरा गार्गीचा. बकरी उजवीकडे चार पावलं गेली, बस आली, बकरी बसमध्ये चढली, बस गेली. समाप्त.

"इतना ही?" परीक्षकांनी आश्चर्याने विचारलं. ते कोणाला विचारलं नव्हतं, तोंडून निघालं होतं. मागे गार्गी उभी. मी तिच्याकडे बघितलं: बोल ना कार्टे. डावीकडे जा म्हण. दोन शब्द. ती समोर बघत राहिली. तिची मान ताठ होती आणि कान लाल झाले होते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आठच्या आठ मुलांनी दोन वर्षं एकाच खेळाडूसाठी गेम बनवले होते. ती खेळाडू डावीकडे जायची, म्हणून यांनी आधी डावीकडे एक दगड ठेवला, मग झाड, मग दार, मग गाव. हळूहळू सगळं जग तिकडे सरकलं. उजवीकडे कोणी काही ठेवलंच नाही, कारण उजवीकडे कोणी जातच नव्हतं. आणि आता जगातल्या इतर सगळ्या माणसांसारखा एक माणूस येऊन बसला होता आणि उजवीकडे जात होता.

तिसरा गेम, उजवीकडे, रिकामं मैदान. चौथा, उजवीकडे, खड्डा. परीक्षक आता पुन्हा लावूनही बघत नव्हते. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा फुटाणा धरलेला हात वाटी आणि तोंडाच्या मध्ये थांबलेला होता. त्यांना कळलं होतं. मग बोला ना! मुलं तुमच्या नियमाला बांधलेली आहेत, तुम्ही नाही. पण त्याही गप्प. मी स्वतः का बोलले नाही असं कोणी विचारेल. मी परीक्षार्थीची आई होते, मी तोंड उघडलं असतं तर आठही जणांची परीक्षा गेली असती.

पाचवी, जवळच्या पनागरची एक मुलगी. बसने यायची, वर्गात कधी आवाज ऐकला नाही असली. तिचा गेम पोत्यातून निसटलेल्या मटाराच्या दाण्याचा. परीक्षकांनी उजवं बटण दाबलं. दाणा पोत्याच्या गाडीवरून घरंगळला आणि नालीत पडला. समाप्त. त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. परीक्षकांनी पेन उचललं.

"सर, लेफ़्ट जाइए," गार्गी म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि खाली बघायला लागली.

परीक्षकांनी मागे वळून पाहिलं, खांदे उडवले, आणि डावं बटण दाबलं. दाणा गाडीवरून मागे उडी मारून पोत्यात शिरला. पोत्यात दाण्यांची गर्दी, त्यांची भांडणं. मग शेंगेत, मग वेलीवर, मग शेतात, मग कोणाच्या तरी ओंजळीत. परीक्षकांचा चहा गार झाला. ते एकदा मोठ्याने हसले. खेळ संपल्यावर त्यांनी खुर्ची फिरवली.

"सबके लेफ़्ट में है क्या?"

बाकीच्या सातही माना हलल्या. बोललं कोणीच नाही.

तो माणूस भला. त्याने पहिल्यापासून सगळे गेम पुन्हा खेळले, डावीकडून. त्याची चारची बस चुकली. बकरीच्या म्हशीवर तो इतका रमला, की मला दुसरा चहा करावा लागला. जाताना ताईंना म्हणाला, "मैडम, ऐसा काम मैंने कहीं नहीं देखा. पर बच्चों ने राइट में कुछ क्यों नहीं रखा?"

"मेरी वजह से," ताई म्हणाल्या.

त्याला ते कळलं नाही. नमस्कार करून तो गेला.

संध्याकाळी कम्प्युटरचे सर माझ्याकडे आले. मार्क वेबसाइटवर भरायचे होते. "मैडम, अभी भरा नहीं है. एक बार देख लीजिए." परीक्षकांनी आठही जणांना उत्तम दिले होते. ताईंनी सात जणांना पैकीच्या पैकी दिले होते. गार्गीचे पाच कापले होते.

मी गृहविज्ञानाच्या जुन्या खोलीत गेले. शाळा सुटल्यावर ताई तिथेच बसायच्या, बंद शेगड्यांमध्ये.

"ताई, हे काय आहे?"

"बोलली ती."

"अहो, ती बोलली म्हणून आठ पोरं वाचली! त्या पनागरच्या मुलीचं काय झालं असतं?"

"नापास झाली असती," त्या शांतपणे म्हणाल्या. "गेममध्ये दिसलं नाही, ते सांगावं लागलं. बाजारात कोण सांगणार आहे?"

"मग या न्यायाने सगळेच नापास. आणि चूक कोणाची? तुमची! त्यांना दुसरा खेळणारा तुम्ही कधी दाखवला?"

"माझी," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के माझी. मी एकटीच खेळत राहिली. मला मजा येऊन राहिली होती गं. ती पोरं माझ्यासाठी काय काय ठेवायची तिकडे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझे मार्क कापायचा रकाना कुठं आहे, दाखव. आत्ता कापते."

"तो रकाना नाही. माझ्या मुलीचा आहे. तिचं पाच मार्कांनी कॉलेज जाऊ शकतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"तरी?"

"नियम तिलाही माहीत होता. बोलली तेव्हाही माहीत होता." मग त्यांनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. "तुला बदलायचं तर बदलून आण. मी सही करते. रागावणार नाही."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं झालं असतं. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं. मी पेन घेतलं नाही. का घेतलं नाही, ते तेव्हाही माहीत नव्हतं.

लॅबच्या बाहेर पायरीवर गार्गी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. "बोल, काय करू? त्या सही करायला तयार आहेत."

"तू बघ आई. मला भूक लागली आहे."

"तुझ्या कॉलेजचा प्रश्न आहे गार्गी!"

"मला माहितीये ना. पण मी बोलले तर आहेच."

आत सर माउसवर हात ठेवून बसले होते. वेबसाइट अडकत होती, सुटत होती. "मैडम, क्या भरूँ?"

"जो लिखा है."

त्यांनी भरलं. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि खोव्याची जलेबी खाल्ली. गार्गीने माझी उरलेलीही खाल्ली.

निकाल लागला तेव्हा अट तीन मार्कांनी हुकली.

गार्गीने खोलीचं दार लावून घेतलं. ती रडली, चांगली रडली. मला आत जाता येईना आणि बाहेर बसवेना. ते कॉलेज गेलं ते गेलंच. आता ती नागपूरच्या एका कॉलेजात आहे, तिथली मेस वाईट आहे आणि बाकी बरं चाललं आहे. पण त्या दिवशी दार उघडून ती बाहेर आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुझा गेम चालू होता तेव्हा गप्प बसलीस, मग दुसरीच्या वेळी कशाला बोललीस?"

"माझ्या वेळी मला वाटलं होतं, सर स्वतःच जातील लेफ्टला. पाचव्यांदा कळलं, नाही जाणार."

"आणि मॅडमनी मार्क कापले तर त्यांना एक शब्द बोलली नाहीस?"

"काय बोलू आई? बोलले म्हणूनच तर कापले."

आणि ती हसायला लागली. नाक लाल, डोळे सुजलेले, आणि हसते आहे. मला हसू येईना. मला कोणावर तरी रागवायचं होतं आणि समोर कोणी नीट उभंच राहत नव्हतं.

जूनमध्ये साहेबांनी मला बोलावलं. ताईंनी लेखी दिलं होतं, की हा विषय माझ्याकडून काढून घ्या, मी मुलांना एकाच माणसासाठी काम करायला शिकवलं, ते चुकलं. त्यांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. विषय गेला तर त्यांना शाळेत ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणजे नोकरीही गेली. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"नुक़सान तो आपका हुआ है मैडम," ते म्हणाले. "आपकी बेटी का. इसलिए आपसे पूछ रहा हूँ. आप कहें तो मंज़ूर कर देता हूँ."

मी तो कागद दोनदा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. मी असते तर हेच लिहिलं असतं, बहुधा आणखी कडक लिहिलं असतं.

"मत कीजिए मंज़ूर," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "क्यों?"

"पता नहीं, सर," मी म्हटलं, आणि उठले. अकरावीचा तास होता.